किती देते?

मराठी माणूस गाडी बघायला जातो तेव्हा तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, टायरला बुटाच्या टोकाने हलकीशी लाथ मारतो आणि विचारतो, "किती देते?" प्रश्न मुळात गाईचा आहे. घरातली गाय गेली, गोठ्याचं पार्किंग झालं, प्रश्न तेवढा राहिला.

या प्रश्नाच्या पलीकडे गेलेली दोनच माणसं मला माहीत आहेत. लंडनमधल्या पटनी भागात आजारी पडलेल्या रामानुजनना भेटायला प्राध्यापक हार्डी टॅक्सीने गेले आणि गेल्या गेल्या कुरकुरले, की टॅक्सीचा नंबर १७२९, अगदीच नीरस. रामानुजन म्हणाले, छे, फार सुरेख आकडा आहे. दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या. एकाचा घन अधिक बाराचा घन, किंवा नवाचा घन अधिक दहाचा घन. एवढी चर्चा झाली, पण टॅक्सी लिटरला किती देते हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. अशाने माणूस थोर गणिती होतो, त्याला गाडी मात्र स्वस्तात मिळत नाही.

हे रामानुजन ज्या कुंभकोणमात वाढले, तिथे सारंगपाणी मंदिराच्या समोरच्या रस्त्यावर त्यांचं घर आजही जपलेलं आहे. तिथून दोन गल्ल्यांवर माझ्या बायकोचे मामा राहतात. गणिताचे निवृत्त मास्तर. घराणं तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, तेव्हा जी कुटुंबं कावेरीकाठी उतरली ती तिथलीच झाली. मामांची मराठी साडेतीनशे वर्षं सांबारात मुरलेली आहे. शब्द आपले, हेल तमिळ आणि विभक्ती पेशव्यांच्याही आधीच्या. त्यांच्यापुढे आपण बोलायला लागलो की आपली मराठी कालच बाजारातून आणल्यासारखी वाटते.

तर या मामांचा फोन आला, "जावईबापू, गाडी विकायची आहे. घरातच जावी अशी इच्छा. तुम्ही जाणकार. येऊन बघा."

'जाणकार' या शब्दाला मी बळी पडलो. माझी जाण म्हणजे गेली वीस वर्षं गाड्यांची परीक्षणं वाचणं. अश्वशक्ती, टॉर्क, डिकीचे लिटर सगळं तोंडपाठ, आणि दारात अजून स्कूटर. शिवाय बायको म्हणाली, "मामांनी बोलावलंय." त्यापुढे टॉर्क चालत नाही.

गाडी म्हणजे २०१३ ची, पांढरी, लहान डिझेल हॅचबॅक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे दोष काढायचे आहेत आणि दोष घरच्या माणसाचे काढावेत, कंपनीचे नव्हे. गाडीची जात मात्र आपल्या ओळखीची. या जातीची कुलस्वामिनी आमच्या पिंपरीची. टाटांची इंडिका १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आली तेव्हा कल्पना अशी होती, की लांबी झेनएवढी, आतली जागा ॲम्बॅसडरएवढी, किंमत मारुती ८०० च्या आसपास आणि खर्च डिझेलचा. एखाद्या स्थळाकडून मुलीकडच्यांनी ठेवाव्यात तशा या अपेक्षा. गंमत म्हणजे त्या बऱ्याच पुऱ्या झाल्या आणि पुढची पंधरा-वीस वर्षं देशभरच्या टॅक्सीस्टँडवर पिंपरीची ही लेक नांदली. मग २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नियम कडक झाले. डिझेलचा धूर स्वच्छ करायची यंत्रणा एवढी महाग, की लहान गाडीत ती बसवणं म्हणजे झोपडीला संगमरवरी जिना. हळूहळू नव्या लहान डिझेल गाड्या बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या. म्हणजे मामांची गाडी आता जुनी नव्हती, दुर्मीळ होती. हा फरक आम्ही कुंभकोणमला उतरलो तेव्हा मामांनी मला स्टेशनवरच समजावला.

"आमच्या कुंभकोणमने बडोद्याला अख्खा दिवाण दिला," ते म्हणाले. सर टी. माधवराव, जन्म कुंभकोणम, १८२८. "मग पुण्याला एक गाडी द्यायला काय हरकत?"

त्या संध्याकाळी मामांनी मला आधी दारासुरमला नेलं. गावाच्या वेशीवर दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं मंदिर. त्याचा पुढचा मंडप म्हणजे दगडी रथच. आऱ्यांसकट चाकं, जोडलेले घोडे, सगळं जागच्या जागी. मी सवयीने परीक्षण केलं. रुबाब उत्तम, ग्राउंड क्लिअरन्स भरपूर, साडेआठशे वर्षांत सर्व्हिसिंगचा खर्च नगण्य. पिकअप कमी. मामा म्हणाले, "उद्यापर्यंत धीर धरा. टेस्ट ड्राइव्ह मी ठरवून ठेवली आहे."

आपल्याकडे टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमपासून पुढच्या सिग्नलपर्यंत आणि परत. कुंभकोणमात टेस्ट ड्राइव्ह म्हणजे नवग्रह. गावाभोवती नऊ ग्रहांची नऊ देवळं विखुरलेली आहेत. पहाटे निघून रात्री परत यायचं, अडीचशेच्या वर किलोमीटर. अट एकच. देवळं दुपारी बारा-साडेबारानंतर बंद होतात आणि चारला उघडतात. त्यामुळे पाच ग्रह सकाळी उरकावे लागतात. गाडीची खरी शर्यत दुसऱ्या गाडीशी नसते, देवाच्या झोपेशी असते.

पहाटे साडेचारला अण्णाने गाडी सुरू केली. अण्णा हा मामांचा ठरलेला ड्रायव्हर. मामांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर चालवणं सोडलंय. अण्णा हा शब्द दोन्ही भाषांत चालतो हे बरं झालं. डिझेल इंजिन थंडीत सुरू होताना जो खडखडाट करतं त्याने समोरच्या घरातला दिवा लागला. मामी कौतुकाने म्हणाल्या, "गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नाही." उपयुक्ततेचा पहिला गुण मी वहीत लिहिला. किलोमीटरचा आकडाही लिहून घेतला, ४७,९९८. बारा वर्षांत पुरते अठ्ठेचाळीस हजारही नाहीत. खरेदीदाराला आनंद व्हावा असाच आकडा.

मग डिकी. मामींनी तिच्यात प्रत्येक ग्रहाचं धान्य रचलं. सूर्याचे गहू, चंद्राचे तांदूळ, मंगळाची तूर, बुधाचे मूग, गुरूचे हरभरे, शुक्राचे पावटे, शनीचे तीळ, राहूचे उडीद, केतूचे कुळीथ. वर तिळाच्या तेलाच्या बाटल्या, नारळ, पंचे, पाण्याचा कॅन आणि डांगर पचडीचा डबा. मी सांगितलं की डिकीची जागा लिटरमध्ये मोजतात. मामींनी हात थांबवून विचारलं, "का? त्यात सांबार नेतात?"

सांबार हा शब्द या घरात जपून वापरावा लागतो. तंजावरच्या शहाजीराजांच्या दरबारात संभाजीराजे पाहुणे आले, आमटीत आमसुलाऐवजी चिंच पडली आणि पाहुण्यांच्या नावाने सांबार जन्मलं, अशी दंतकथा आहे. मामांच्या मते ती दंतकथा नाही, घरातली घटना आहे.

बसण्याची व्यवस्था झाली. पुढे अण्णा आणि मामा, मागे दारांशी मामी आणि माझी बायको. मधे मी. परीक्षकाने सर्वांत वाईट जागा तपासावी, असं मामींचं म्हणणं पडलं. लहान गाडीच्या मागच्या सीटचा मधला भाग ही जागा नसून गाडी करणाऱ्यांनी व्यक्त केलेली आशा असते. पायाखाली उंचवटा, पाठीमागे सीटचा सांधा, डोक्याला छत. कागदावर 'आसनक्षमता पाच' लिहिलेलं असतं. पाचव्याचं नाव लिहिलेलं नसतं एवढंच.

"पोलाम, रैट!" अण्णा बसच्या कंडक्टरसारखा ओरडला आणि आम्ही निघालो.

पहिला चंद्र, तिंगळूरला. चंद्र मनाचा कारक, म्हणून इथे मी आराम तपासला. परीक्षणांत वाचलं होतं की अशा गाडीचं सस्पेन्शन कडक असतं. आमचं नव्हतं. पाच माणसं आणि नऊ धान्यं बसल्यावर ते इतकं नरम आलं होतं की रिकाम्या गाडीला खड्डा कळतो, आमच्या खड्ड्यांना गाडी कळत होती. त्यात भाताची सुगी. शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेला. अण्णा त्याला अशा अदबीने वळसा घालत होता, जसा आपण देवळात झोपलेल्या म्हाताऱ्याला घालतो.

आलंगुडीला गुरू. गुरू म्हणजे विस्तार. इथे डिकीतून हरभरे निघाले आणि त्यांच्या जागी प्रसाद आला. नवव्या ग्रहापर्यंत मी हेच पाहिलं, की डिकीतून जेवढं बाहेर जातं त्याहून थोडं जास्त आत येतं. हे कोणत्याही लिटरमध्ये बसत नाही. रामानुजन असते तर त्यांनी याची अनंत श्रेणी मांडली असती.

तिरुनागेश्वरमला राहू. इथे राहूच्या मूर्तीवर दूध घातलं की ते निळं होतं, असं भाविक सांगतात. मी बाहेर गाडीच्या धुराचा रंग पाहत बसलो. काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी, पांढरा म्हणजे कच्चं डिझेल किंवा पाणी, निळा म्हणजे ऑइल जळतंय. एकच निळा रंग, देवळात दिसला तर पुण्य आणि गाडीच्या मागे दिसला तर मेकॅनिकच्या मुलीचं लग्न. आमचा काळसर निघाला. अण्णाने समजूत घातली, "राहूच्या दारात काळाच यायचा, सार."

सूर्यनार कोविलला सूर्य, म्हणून एसी. एसी चांगला होता, पण इंजिन लहान. ट्रकला मागे टाकायचं असलं की अण्णा आधी एसी बंद करी, ट्रक मागे पडला की पुन्हा लावी. म्हणजे गाडी एका वेळी एकच काम मन लावून करायची, एक तर थंड करायची, नाही तर पुढे जायची. सरकारी कचेरीत हेच धोरण असतं, फक्त तिथे एसी बंद होत नाही.

कंजनूरला शुक्र. शुक्राकडे सौंदर्य, तेव्हा बाह्यरूप. उजव्या दारावर ओरखडा, मागच्या बंपरला पोचा, पुढे लिंबू-मिरची. प्रत्येक पोच्याला इतिहास होता. एक रथोत्सवातला, एक २०१६ च्या महामहमच्या गर्दीतला. बारा वर्षांनी एकदा येणाऱ्या या पर्वात कुंभकोणमच्या तळ्यावर लाखो माणसं लोटतात. "पुढचं २०२८ ला," मामा म्हणाले, जणू तोवर बंपर दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

साडेबारा झाले, ग्रह झोपले. केळीच्या पानावर जेवून आम्ही झाडाखाली गाडी लावली आणि 'आराम' या विषयाची तोंडी परीक्षा सुरू झाली. चार दारं उघडी, पुढच्या सीट मागे टाकलेल्या, प्रत्येक दारातून पायांची एकेक जोडी बाहेर. लांबून गाडी उलट्या पडलेल्या खेकड्यासारखी दिसत असावी. मला सीटवर जागाच नव्हती, म्हणून मी गाडीखालच्या सावलीत पंचा टाकून पडलो. हे मी आरामात धरलं. कोणत्याही गाडीखाली झोप लागणं हा तिच्यावरचा विश्वास आहे.

चारला वैदीश्वरन कोविल, मंगळ. इथे ताडपत्रावरचं नाडीभविष्य प्रसिद्ध. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा अंगठा घेऊन पट्टी शोधतात. गाडीची पट्टी निघेल का, असं मी विचारणार होतो, पण गाडीला अंगठा नाही. तरी तिच्यातला मंगळ वाटेत दिसला. लहान डिझेलच्या टर्बोचा स्वभाव रुसलेल्या जावयासारखा असतो. मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांपर्यंत कितीही ॲक्सिलरेटर दाबा, ढिम्म. जरा वर गेलं की एकदम इतकं मनावर घेतो की डिकीतले नारळ मागच्या काचेला जाऊन भेटतात. माझ्या हातातलं कापीचं, म्हणजे तिथल्या कॉफीचं, पितळी डबरा-टंबलर मंगळाला अर्घ्य देऊन मोकळं झालं. कापी मामींच्या पदरावर गेली. त्या म्हणाल्या, "डिग्री कापी आहे, डाग पडत नाही." अशी रसायनं कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत.

तिरुवेंकाडूला बुध, वाणीचा धनी. आतापर्यंत गाडीही बोलू लागली होती. डॅशबोर्ड एक स्वर लावी, डावं दार दुसरा, नंबरप्लेट ताल धरी. कीळपेरुम्पळ्ळमला केतू. केतू म्हणजे नुसतं शेपूट, म्हणून रिव्हर्स मी स्वतः घ्यायचं ठरवलं. सेन्सर नव्हता. मागे उभा राहिलेला पोरगा हात हलवत म्हणू लागला, "वा... वा... वा..." पुण्यात वाढलेल्या माणसाला आयुष्यात तीनदा सलग 'वा' मिळत नाही. मी फुलून गेलो आणि आणखी मागे घेतली. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये' हे मला कळलं तेव्हा मी नारळाच्या झाडापर्यंत आलेलो होतो. मामांनी पोचा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "केतूचा राहिलाच होता."

इंधनाचा काटा सकाळपासूनच पावावर होता. मी राहूपासून म्हणत होतो, डिझेल भरू. अण्णा प्रत्येक वेळी म्हणे, "शनीकडे, सार." मी ते अध्यात्म समजलो. तांबडा दिवा लागला तेव्हा घाम फुटला. मग कळलं, की तिरुनळ्ळारचा शनी तमिळनाडूत नाहीच. तो कारैकालला, पुदुच्चेरीच्या हद्दीत, जिथे कर कमी म्हणून डिझेल स्वस्त. लोक शनीला तीळ वाहतात, नळतीर्थात स्नान करतात, अंगावरचे जुने कपडे सोडून साडेसाती मागे ठेवतात, आणि टाकी भरून घेतात. साऱ्या ग्रहांत शनी तेवढा हिशोबी.

पंपावर मामा गाडीतून उतरले आणि समोरच्या दुकानातली केळी निरखू लागले. पाकीट अर्थातच जाणकाराने काढलं. फुल टाकी. साडेतीन हजारांच्या आसपास. अण्णा नळी बघत खुशीत म्हणाला, "मागच्या वर्षी बंगळुरूच्या सारनेही फुल भरली. त्याआधी हैदराबादचे सार. चांगले लोक, सार."

"कोण बंगळुरूचे सार?"

"गाडी बघायला आलेले. मामींचे भाचे. दरवर्षी कुणी ना कुणी येतात."

मी केळ्यांकडे पाहिलं. मामा आणखी मन लावून निरखू लागले. मामी माझ्या बायकोला तिच्या आईच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या. पहाटेपासून त्या दोघी एकदाही गप्प बसल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. वहीत मी डिकी, धूर, टर्बो सगळं लिहिलं होतं. हे लिहायला रकाना नव्हता. पाव टाकी घेऊन निघालो होतो, भरलेली घेऊन परतणार होतो, त्यामुळे गाडी किती देते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी किती दिले ते कळलं.

परत घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. अण्णा सायकलवर बसून गेला. मामांनी देवघरातून एक जुनी वही आणली.

"तुम्ही जाणकार, म्हणून सांगतो. ही डिझेलची घेतली तेव्हा पेट्रोलच्या गाडीपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजले. किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. म्हणजे लाख वसूल व्हायला किती चालायला हवी?"

"पन्नास हजार."

"बारा वर्षं मामी म्हणते आहे, पेट्रोलची घेतली असती तर बरं झालं असतं. पन्नास हजार होईस्तोवर तिचंच खरं. त्याआधी विकली तर कायमचं तिचंच खरं. आता किती झाले?"

मी किल्ली फिरवून पाहिलं. ४८,२७०. दिवसात २७२ किलोमीटर.

"मग उरले १,७३०. तुमच्यासारखे सहा-सात जाणकार यायला हवेत," मामा म्हणाले आणि मग त्यांचा चेहरा पडला. ते आकड्याकडे बघत राहिले. रामानुजनच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, जन्मभर गणित शिकवलेला माणूस. १,७३० हा किती नीरस आकडा आहे, हे मला त्यांनी सांगावं लागलं नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "कापी प्यायला जाऊ या?"

"आत्ता? झोप उडेल."

"बसस्टँडकडे एक दुकान उघडं असतं. किलोमीटरभर आहे."

मी चालवली. रिकाम्या रस्त्यावर, दोनच माणसं, एसी चालू, टर्बो गप्प, खरं सांगायचं तर फार गोड चालली. दुकानाच्या थोडं अलीकडेच शेवटचा शून्य सरकून एक झाला आणि मामांनी हात वर केला, "थांबवा! बंद करा!" आम्ही गाडी कडेला लावली, उतरलो, उभ्याने दोन डबरा कापी प्यायलो. काचेतून मामा दोनदा आकडा पाहून आले.

"चला," मी किल्ली काढत म्हटलं.

मामांनी किल्ली माझ्या हातातून घेतली, धोतराच्या कनवटीला लावली आणि घराच्या दिशेने चालू लागले.

"मामा, गाडी?"

"सकाळी अण्णा आणील," ते मागे न बघता म्हणाले. "आजची रात्र राहू दे तिला तशीच."